तारखेखाली दोन रेघा

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. कुणी लिहितं दार आपोआप उघडलं, की मी म्हणतो बिजागरीला तेल टाका. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ वळत नाही. तरी हे लिहितोय, कारण यातलं भोक मला वर्षभर शोधून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर उपकार होतील.

मी दातांचा डॉक्टर. सौंसरला बस स्टॅंडपासून चालत पाच मिनिटांवर माझा दवाखाना आहे आणि दर बुधवारी मी पांढुर्ण्याला एका मित्राच्या दवाखान्यात बसतो. स्वभावाने संशयी. सिलिंडर आला की वजन करून घेतो, औषधांचं खोकं आलं की गोळ्या मोजतो. माझी बायको सुनीता म्हणते, “तुम्ही सत्यनारायणाच्या प्रसादावरही एक्स्पायरी डेट शोधाल.” शोधेनही!

दवाखान्यात माझ्याबरोबर प्रमिलाताई. सतरा वर्षं. दहावी शिकलेल्या, नवरा लवकर गेलेला, मुलीचं लग्न करून दिलेलं. पेशंटचं नाव लिहिणं, अवजारं उकळणं, मी दात काढत असताना हातात दिवा धरून शेजारी उभं राहणं... सगळं त्यांच्याकडे. मी त्यांना अहो-जाहो करतो, त्या मला सर म्हणतात. त्यांनी कधी एक कापसाचा बोळाही घरी नेला नसेल. मला हे माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

आमच्याकडे खर्रा किती खातात हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. तंबाखू, सुपारी, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला, सकाळपासून गालात. बाया खर्रा खात नाहीत, पण तंबाखूचं मंजन लावतात, आणि एकदा नाही, दिवसातून चार चारदा. त्यामुळे दात दाखवायला आलेल्या माणसाच्या गालात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसणं हे माझं नेहमीचंच. दिसली की मी नागपूरला चिठ्ठी देतो. तिथे शेखर नावाचा माझा कॉलेजातला मित्र तोंडाच्या कॅन्सरचा स्पेशालिस्ट आहे.

आता या चिठ्ठीची एक गंमत आहे. इकडे पेशंटला कॅन्सर सांगत नाहीत. बाप खुर्चीत बसलेला असतो आणि मुलगा मागून मला डोळ्यांनी खुणा करतो — बाबाले सांगू नोका. चिठ्ठीत तो शब्द लिहिला तर बस स्टॅंडवरच कुणाकडून तरी वाचून घेतात, मग घरी रडारड होते आणि पेशंट नागपूरऐवजी कुठल्यातरी जडीबुटीवाल्याकडे जातो. म्हणून शेखरने आणि मी फार पूर्वी एक खूण ठरवली. चिठ्ठीत इंग्रजीत फक्त ‘जबडा तपासावा’ असं लिहायचं. तारखेखाली एक रेघ असली तर सवडीने बघ, दोन रेघा असल्या तर आजच तुकडा काढून तपासायला पाठव. ही खूण त्याला आणि मला, दोघांनाच माहीत होती.

आणि माझ्या संशयी स्वभावाप्रमाणे चिठ्ठ्यांचं पॅड कुलपात. प्रत्येक पानावर मी स्वतःच्या हाताने नंबर टाकतो. किल्ली माझ्या खिशात.

मागच्या हिवाळ्यात, संत्र्याचा आंबिया बहार तोडून झाला होता त्या दिवसांत, शेखरचा फोन आला. “अरे, ती रामाकोन्याची कौसल्याबाई पाठवलीस ना, शाब्बास! एवढासा चट्टा होता. मी असतो तर माझ्याही नजरेतून सुटला असता.”

कौसल्याबाई मला आठवत होती. आठ दिवसांपूर्वी आली होती, दाढ दुखते म्हणून. जिभेखाली छोटं काहीतरी होतं, पण बाहेर गर्दी होती, मला जेवायला जायची घाई होती. गुळण्यांचं औषध लिहून ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणून तिला वाटेला लावलं होतं. चिठ्ठी दिली नव्हती.

आणि तरीही मी शेखरला काय म्हणालो असेन? म्हणालो, “हो, थोडा डाउट आला होता.” शाबासकी कोण सोडतं!

फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. मी त्याच्याकडून चिठ्ठीचा फोटो मागवला. माझंच पॅड. माझंच ते कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर. तारखेखाली दोन रेघा. वर नंबर, तोही माझ्या हातचा. मी खण उघडून पॅड काढलं. त्या नंबरचं पान पॅडमध्ये होतं — कोरं, न फाडलेलं.

रविवारी दुपारी गाडी काढून रामाकोन्याला गेलो. कौसल्याबाई अंगणात खाटेवर बसली होती, तोंड थोडं सुजलेलं, पण बोलता येत होतं.

“बाई, तुम्हाला चिठ्ठी कोणी दिली?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पेशंट आहे. “तुमीच तं देल्ली न, डॉक्टर साहेब! मी स्टॅंडवर बसची वाट पाहून राहिली होती. तुमी मागून आवाज देत आले. धावत आले, दम लागला होता तुमाले.”

माझे गुडघे ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वाचून हसू येईल. मी दहा वर्षांत बससाठी धावलो नाही, पेशंटसाठी कुठला धावतोय!

“मी काय म्हणालो?”

“बाकावर बसवलं मले. म्हणाले, कौसल्याबाई, हा कॅन्सर असू शकते, पण लहान आहे, लवकर गेल्या तं निघून जाते.” तिने डोळ्याला पदर लावला. “खरं सांगू का साहेब, हे पोट्टे मले काईच सांगत नाईत. तुमी सरळ सांगतलं म्हून तं गेली मी. नाईतं कोन जाते नागपूरले!”

तिचा मुलगा गजानन दारात उभा राहून माझ्याकडे रागाने बघत होता. आईला मी परस्पर सांगितलं म्हणून.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी परत येताना पूर्ण रस्ताभर एकच विचार केला, ही बाई पढवलेली आहे. कोणीतरी माझ्या नावाने चिठ्ठ्या फिरवतंय. पेशंट पाठवणाऱ्याला कट देणारे एजंट या धंद्यात आहेत, हे काही गुपित नाही. माझं पॅड, माझं अक्षर, दोन रेघा... हे सगळं रोज कोण बघतं? सतरा वर्षं माझ्या शेजारी कोण उभं असतं?

मी दोन कॅमेरे बसवून घेतले. दाराच्या आतल्या बाजूला एक, बाहेरच्या पायऱ्यांवर एक. प्रमिलाताईंना सांगितलं, चोऱ्या वाढल्यात. त्या म्हणाल्या, “चांगलं केलं सर,” आणि इलेक्ट्रिशियनला चहा करून दिला.

महिना झाला असेल. एका गुरुवारी पुन्हा शेखरचा फोन. मोहन म्हणून एक संत्र्याच्या ट्रकचा ड्रायव्हर, डाव्या गालात आत, खालच्या दाढेला लागून. दोन रेघा. चिठ्ठीवर कालची तारीख.

काल बुधवार होता. मी पांढुर्ण्याला होतो. मोहनला मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं!

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. सकाळी अकराच्या सुमारास मोहन येतो. प्रमिलाताई त्याला हात हलवून सांगतात, सर आज नाहीत. तो बाहेर पडतो. पायऱ्या उतरता उतरता थबकतो, कोणी हाक मारल्यासारखा वळतो आणि पायऱ्यांच्या बाजूच्या खांबाच्या दिशेने बघत उभा राहतो. खांबापलीकडचं कॅमेऱ्यात येत नाही. तो मान हलवतो. मग तोंड उघडतो — मोठं, खुर्चीत बसल्यावर उघडतात तसं — आणि वर उजेडाकडे करतो. बराच वेळ. शेवटी दोन्ही हात पुढे करून काहीतरी घेतो, कपाळाला लावतो आणि जातो.

आतल्या कॅमेऱ्यात त्या सगळ्या वेळात प्रमिलाताई दिसत होत्या. टेबलापाशी, पाठमोऱ्या. ट्रे पुसत असाव्यात. हात दिसत नव्हते.

हात दिसत नव्हते, एवढं माझ्यासारख्याला पुरे झालं. बाहेर एक माणूस उभा करायचा आणि आत आपण ट्रे पुसत राहायचं! मी शेखरलाही सोडलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या मी लिहिलेल्या नाहीत हे सांगून फोनवर विचारलं, तुझ्या स्टाफपैकी कोणी माझ्या बाईला फितवलंय का? तो आधी हसला, मग भडकला. “अरे, दोन्ही पेशंट वेळेवर आले. तू न बघितलेला माणूस नेमक्या दोन रेघा घेऊन आला. असली फसवणूक कोण करतं, आणि कशासाठी?”

उत्तर नसलं की माणूस जास्तच चिडतो, निदान मी चिडतो.

पुढच्या मंगळवारी दुपारी, पेशंट संपल्यावर, मी प्रमिलाताईंसमोर दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो ठेवले.

“हे कोणी लिहिलं?”

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. “तुमीच लिहिलं सर. तुमचंच अक्षर आहे.”

“मी लिहिलेलं नाही. किती देतात तुम्हाला?”

त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सर, तुमचं अक्षर मले सतरा साल झाले तरी वाचता येत नाई. लिहीन कुठून?”

“मग बाहेर खांबामागे कोण उभं होतं?”

“मले काय मालूम? मी भांडे पुसून राहिली होती.” त्यांनी एप्रन काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. दाराची किल्ली त्यावर. “इचारायचं होतं तं सरळ इचारलं असतं न सर. हे किती देतात कायले म्हणाले तुमी?”

डबा उचलून त्या गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो नाही.

नंतर कळलं की त्या पांढुर्ण्याला भावाकडे राहायला गेल्या. सुनीता माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मी तिला रेकॉर्डिंग दाखवलं तर म्हणाली, “यात त्या फक्त काम करताना दिसतायत.” नवीन मुलगी ठेवली, तिला दिवा धरता येत नव्हता. पण शेखरकडे परत तशी चिठ्ठी गेली नाही. एक आठवडा, दोन, तीन... मी मनात म्हणायचो, बघा! बाई गेली आणि चिठ्ठ्या बंद. मला त्या दिवसांत चक्क समाधान वाटत होतं, हे लिहायला लाज वाटते.

पाचव्या आठवड्यात शेखरचा फोन आला. आवाज वेगळा होता. “प्रमिलाताई आल्यात. तुझी चिठ्ठी घेऊन. खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधे. चिठ्ठी महिन्यापूर्वीची आहे रे, एवढे दिवस काय केलं त्यांनी?”

मी तारीख विचारली. त्या काम सोडून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. बुधवार.

सतरा वर्षं त्या माझ्या शेजारी उभं राहून लोकांच्या तोंडात उजेड पाडत होत्या, आणि त्यांच्या तोंडात मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्या घरी तंबाखूचं मंजन लावतात हे मला माहीतच नव्हतं. दातांच्या दवाखान्यातली बाई, सांगणार तरी कशी? भीती वाटत होती, आणि या वेळी कुणावर संशय घ्यायचा तेही कळत नव्हतं.

मला नागपूरला जायला धीर होईपर्यंत ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. शेखरने कॉरिडॉरमध्येच सांगितलं, “त्या तारखेला आल्या असत्या तर तेवढा भाग काढून घरी पाठवलं असतं. आता मानेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. पुढे रेडिएशनचे शेकही द्यावे लागतील. पण वाचतील.”

त्या खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. मानेला पट्टी. बोलताना एक बाजू हलत नव्हती. त्यांचा भाऊ मला बघून उठला, “या सर, बसा,” म्हणून स्टूल पुढे केलं आणि चहा सांगायला गेला. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. शिव्या नव्हत्या, त्यामुळे मला काय करावं सुचेना.

“सर,” त्या हळू हळू म्हणाल्या, “माही चुकी झाली. तुमी देल्ली तवाच याले पाह्यजे होतं मी.”

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

“राग होता न मनात. चिठ्ठी मी तांदळाच्या डब्यात ठेवून देल्ली. म्हटलं, काल चोर म्हणाले, आज कायले आले!” त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या. “पण तुमी दुपारी बाराले उंबऱ्यापाशी चप्पल काढून उभे राह्यले न... हात जोडले. म्हणाले, प्रमिलाताई, माझं चुकलं. भावाच्या पोराईसमोर म्हणाले. मंग मले खिडकीत नेलं, म्हणाले तोंड उघडा, सतरा वर्षं पायलं नाई मी. थेच आठवत राह्यलं मले. एवढा मोठा डॉक्टर, माह्यासमोर हात जोडते... म्हून आली शेवटी. नाईतं नसती आली.”

त्या बुधवारी मी पांढुर्ण्यातच होतो, हे खरं आहे. त्यांच्या भावाचं घर मित्राच्या दवाखान्यापासून तीन गल्ल्यांवर. पण मी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत खुर्चीपाशी होतो. एका शिक्षकांच्या अक्कलदाढेने माझा घाम काढला होता. मी नंतर त्या शिक्षकांना विचारलं, मित्राच्या कंपाउंडरला विचारलं. दोघंही म्हणाले, तुम्ही जागचे हलला नाहीत.

आणि मुख्य म्हणजे मला स्वतःला माहीत आहे. माफी मागायचं त्या दिवशी माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तर खुशीत होतो, चोर पकडला म्हणून.

“सर, असे काय पाहून राहिले?” प्रमिलाताईंनी विचारलं. “तुमीच आले होते न?”

मी म्हणालो, “हो. मीच आलो होतो.”

त्या अर्ध्या तोंडाने हसल्या. “माफ केलं मी तुमाले. कवाचंच.”

त्यानंतर मी माझी सगळी तपासणी करून घेतली. मेंदूचा स्कॅन, झोपेची तपासणी, स्मरणशक्तीच्या डॉक्टरांसमोर बसून शंभरातून सात सात वजा करणं, सगळं. काही निघालं नाही. माझं अक्षर हुबेहूब काढणारा कोणी आहे म्हणावं तर त्याला मोहनच्या गालातलं आणि प्रमिलाताईंच्या ओठामागचं कसं कळलं? माझ्यासारखा दिसणारा कोणी आहे म्हणावं तर त्याला दोन रेघा कोणी सांगितल्या? तिन्ही चिठ्ठ्या मी शेखरकडून आणल्या आहेत. तिन्ही नंबरांची कोरी पानं माझ्या पॅडमध्ये आहेत. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहिलं, माझ्या हाताच्या नंबरातही फरक नाही.

सुनीताला मी सगळं सांगितलं. नेहमी माझी टर उडवणारी माझी बायको या वेळी एवढंच म्हणाली, “कोणी का असेना, तुमच्यापेक्षा बरा होता.”

प्रमिलाताई आता बऱ्या आहेत. शेक संपले, परवाच्या तपासणीत काही निघालं नाही. दोन महिन्यांपासून परत कामावर येतात. मीच भावाच्या घरी फोन करून बोलावलं. बोलणं थोडं बोबडं झालंय. पेशंटला काही सांगायचं झालं की मीच उठून बाहेर जातो.

सुनीता अजून अधूनमधून विचारते, “तुम्ही स्वतः त्यांची माफी मागितली का?”

नाही मागितली. रोज त्या समोर असतात, रोज माझ्या तोंडाशी येतं आणि मी गिळतो. मी माफी मागितली तर त्यांना कळेल की त्या दिवशी उंबऱ्यात हात जोडून उभा होता तो मी नव्हतो.